कोरडवाहू मुलखांत शेळीचें दूध कां घटतें ?

सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या पट्ट्यांत वर्षाकाठीं बहुतेक ठिकाणीं सुमारें ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. अशा मुलखांत संगमनेरी व उस्मानाबादी या जातींच्या शेळ्या पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहेत. त्या दिवसास सामान्यतः अर्धा ते दीड लिटर दूध देतात. परंतु चैत्रांत व्यालेली शेळी लवकरच पावशेरावर आली म्हणजे मालक तिला निकामी ठरवून बाजाराची वाट दाखवितो. दोष शेळीचा कीं आपल्या व्यवस्थेचा, हें विकण्यापूर्वीं पाहणें अगत्याचें आहे.

पहिली गोष्ट विण्याच्या हंगामाची. शेळी सुमारें १५० दिवस गाभण असते, आणि व्याल्यावर चवथ्या ते आठव्या आठवड्यांत तिचें दूध कळसास पोंचतें. कार्तिकांत गाभ राहिलेली शेळी चैत्रांत विते; म्हणजे तिच्या भर दुधाचे दिवस ऐन वैशाखांत, रान करपलेलें असतां येतात. तीच शेळी ज्येष्ठांत गाभ राहिली तर कार्तिकांत विते. त्या वेळीं बांधावर गवत व झाडांस पाला असतो, आणि पुढें तुरीचें भुसकट हातीं येतें. म्हणून बोकड कळपांत सदा मोकळा ठेवूं नये.

दुसरी गोष्ट पाण्याची. दुधांत शंभरांत सुमारें ८७ भाग पाणीच असतें. शरीराच्या नित्य गरजेखेरीज दर लिटर दुधामागें सुमारें दीड लिटर पाणी अधिक लागतें. शेळी घाण वासाचें पाणी टाळते. पाणी कमी पडलें कीं चाराही कमी खाते, व दूध आटतें. उन्हाळ्यांत दिवसांतून तीन वेळां सावलींतील स्वच्छ पाणी दाखवावें. चरण्यास सकाळीं लौकर व उन्हें कलल्यावर सोडावें. दुपारीं गवती छपराखालीं बांधावें.

तिसरी गोष्ट चाऱ्याची. ज्वारीच्या नुसत्या कडब्यांत प्रथिनें फार थोडीं असतात. त्यास शेवरी व बोर यांचा पाला आणि बाभळीच्या वाळल्या शेंगा यांची जोड द्यावी. सुबाभळीचा पाला एकंदर चाऱ्याच्या एकतृतीयांशाहून अधिक देऊं नये. त्यांतील मायमोसिन हें द्रव्य अति झाल्यास बाधतें. दर लिटर दुधामागें ३०० ते ४०० ग्रॅम पेंड व भरडा द्यावा, मात्र तो हळूहळू वाढवावा. एकदम धान्य घातल्यास पोटांत आम्ल वाढून जनावर दगावण्याचें भय असतें.

शेवटची गोष्ट वय व विश्रांति यांची. पहिल्या वेतावरून शेळीची परीक्षा करूं नये. तिसऱ्या-चवथ्या वेतापर्यंत दूध वाढत जातें. विण्यापूर्वीं सहा ते आठ आठवडे दूध काढणें बंद ठेवून तिला नीट पोसावें. पुढील वेताच्या दुधाचा पाया तेव्हांच पडतो.

प्रत्येक शेळीची गाभ राहिल्याची व व्याल्याची तारीख आणि आठवड्यांतून एकदां मापलेलें दूध वहींत टिपावें. करडांनीं प्यालेलें दूधही हिशेबांत धरावें, कारण जुळीं पाजणारी शेळी भांड्यांत थोडें देते. योग्य हंगामीं व्यालेल्या शेळीनें दोन वेतें पुरेसें खाऊन-पिऊनही दूध दिलें नाहीं, तरच ती विकावी. तोंवर दावणीची शेळी विकून परमुलखांतील महाग शेळी आणण्यांत हित नाहीं. कोरड्या उन्हाळ्यांत तीही आटेल.