वकिलाशिवाय घटस्फोटाचा अर्ज

मुळशीकर मंडळी, पौडला जाऊन स्टॅम्पपेपरावर सोडचिठ्ठी लिहिली, की मोकळे झालो असे समजू नका हं! त्या कागदावर विसंबून दुसरे लग्न केले तर तो गुन्हा ठरू शकतो. हिंदू विवाह कायदा 1955 चा. परस्परसंमतीने घटस्फोटाची सोय त्यात 1976 साली आली. वर्षभर वेगळे राहिलेल्या नवराबायकोने मिळून अर्ज करायचा. तो ऑनलाइनही दाखल होतो, वकील सक्तीचा नाही. जबाब मात्र कोर्टापुढेच. मध्ये सहा महिने थांबायचे. योग्य प्रकरणी कोर्ट ही मुदत माफ करू शकते, असा सुप्रीम कोर्टाचा 2017 चा निकाल आहे. पोटगी, मुलांचा ताबा आधीच लिहून घ्या. नाहीतर मागाहून बाईची फरफट. तिला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. गुरुजी, एवढे गावात सांगाच.