निरीक्षणगृहांतील मुलांचें शिक्षण

इचलकरंजीच्या कोणत्याहि माग-कारखान्यांत घटकाभर उभें राहिलें असतां एक गोष्ट ध्यानीं येते. ताण्याचा धागा तुटला, कीं कामगार माग थांबवितो, गांठ मारतो आणि माग पुन्हां चालू करतो. एका धाग्यासाठीं सबंध बीम कोणी फेकून देत नाहीं. १९०४ सालीं विठ्ठलराव दातार यांनीं जहागीरदारांच्या उत्तेजनानें येथें पहिला यंत्रमाग चालू केला, तेव्हांपासून हें शहाणपण गांवाच्या अंगवळणीं पडलें आहे. मुलांच्या बाबतींत मात्र समाज तें नेहमींच दाखवितो असें नाहीं.

समजा, नववींतील एखादा मुलगा वाईट संगतीनें चोरींत सांपडला. पूर्वीं अशा मुलांची रवानगी पुष्कळदां मोठ्या कैद्यांच्या तुरुंगांतच होई. तेथें जें शिक्षण मिळे, तें कोणत्याहि क्रमिक पुस्तकांत नसे. हा धोका ओळखून १८५७ सालीं मुंबईस ससून यांच्या नांवाची सुधारशाळा निघाली. १९२४ सालीं मुंबई इलाख्यांत मुलांसाठीं स्वतंत्र कायदा झाला. सध्यां २०१५ सालचा बाल न्याय कायदा लागू आहे. त्यानुसार १८ वर्षांखालील मुलास बेडी घालतां येत नाहीं किंवा कोठडींत ठेवतां येत नाहीं. त्यास २४ तासांच्या आंत बाल न्याय मंडळापुढें उभें करावें लागतें. या मंडळांत एक न्यायदंडाधिकारी व दोन समाजसेवक असतात. बहुतेक मुलांस जामिनावर घरीं सोडावें, हाच सामान्य नियम आहे. ज्यांस सोडणें हितावह नसतें, तीं मुलें चौकशी पुरी होईपर्यंत निरीक्षणगृहांत राहतात.

खरी अडचण येथून सुरू होते. चौकशी चार महिन्यांत संपावी असा दंडक आहे. ती आणखी दोन महिने लांबूं शकते. कायद्याच्या हिशेबीं चार महिने थोडे. शाळेच्या हिशेबीं तें जवळजवळ एक सत्र होय. तेवढ्यांत बीजगणिताचे आरंभींचे धडे बुडाले, तर पुढील सारें गणित परकें होतें. शिवाय निरीक्षणगृहाच्या एकाच खोलींत नववींतील मुलगा, तिसरींतून शाळा सोडलेला मुलगा आणि अक्षरओळख नसलेला मुलगा शेजारीं शेजारीं बसलेले असूं शकतात. आज एक येतो, उद्यां दुसरा जातो. अशा ठिकाणीं फळ्यावर एकच धडा लिहून भागत नाहीं. प्रत्येकास किती वाचतां येतें, किती हिशेब येतो, हें आरंभींच पाहावें लागतें, आणि जेथें त्याचें शिक्षण थांबलें तेथूनच त्यास पुढें न्यावें लागतें. सुतारकाम वा शिवणकाम उपयुक्त खरें. परंतु तें पुस्तकाच्या जागीं नव्हे, पुस्तकाच्या जोडीस असावें.

मुलगा परत आल्यावरचा मार्गहि बंद नाहीं. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्यानें ६ ते १४ वर्षांच्या मुलास वयानुरूप वर्गांत बसण्याचा व मागें पडलेला अभ्यास भरून काढण्याचा हक्क दिला आहे. दाखला येण्यास उशीर झाला, एवढ्यावरून त्यास प्रवेश नाकारतां येत नाहीं. वयानें मोठा झालेला मुलगा १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावीस बसूं शकतो. त्याचें नांव वर्तमानपत्रांत छापण्यास कायद्याची मनाई आहे, आणि प्रकरण निकालांत निघाल्यावर चारित्र्याच्या दाखल्यासाठीं पोलिसांनीं तें उघड करावयाचें नसतें.

कायद्यानें एवढें झांकलें, तें शाळेनें व शेजाऱ्यांनीं उघडें करूं नये. ‘आमच्या मुलाच्या बाकावर हा नको,’ असें एखाद्या पालकास वाटणें अस्वाभाविक नाहीं. परंतु बाकावरून उठविलेला मुलगा नाहींसा होत नाहीं. तो त्याच गांवांत राहतो, आणि ज्या संगतींतून निघाला तिच्याकडेच वळतो. हजेरीपटावर त्याचें नांव राखणें, चुकलेल्या धड्यांचीं टिपणें त्यास पोंचविणें, आणि परत आल्या दिवशीं कांहीं न विचारतां त्यास जागा देणें, यांस फारसा खर्च नाहीं. निरीक्षणगृह फार तर गांठ मारील. माग पुन्हां चालू करणें गांवाच्याच हातीं आहे.