शिधा आणि हिशेब

जुलै २०१६ संपत आला होता. जेद्दाजवळच्या शुमैसी कॅम्पात तांदूळ-डाळीची पोती उतरवली आणि आम्ही काही स्वयंसेवक कागद घेऊन बसलो. सौदी ओजेर या बांधकाम कंपनीने महिनोन्‌महिने पगार दिले नव्हते. खानावळही बंद पडली होती. भारतीय वाणिज्य दूतावासाने जेद्दातल्या भारतीयांच्या मदतीने १५ हजार किलोंहून अधिक शिधा पाच कॅम्पांतल्या सुमारे अडीच हजार कामगारांपर्यंत पोहोचवला.

शिध्याची यादी सोपी होती: खोली नंबर आणि माणसं. दुसऱ्या यादीला वेळ लागायचा. पासपोर्ट कुणाकडे? इकामा, म्हणजे निवास परवान्याचं कार्ड, कधी संपला? मूळ पगार किती, थकला किती? कंपनीने इकाम्याचं नूतनीकरण केलं नाही की माणूस बेकायदा ठरायचा. मग रस्त्यावर पोलिसांची भीती, बँकेतून घरी पैसे पाठवणं अवघड. देश सोडायचा तर एक्झिट व्हिसाही तेव्हा मालकाच्याच हाती असायचा.

रत्नागिरीकडच्या एका इलेक्ट्रिशियनने आपला हिशेब आधीच मांडून ठेवला होता. सौदी कायद्याप्रमाणे नोकरी संपताना पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला अर्ध्या महिन्याचा आणि पुढे वर्षाला पूर्ण महिन्याचा पगार मिळतो. त्यांच्या बारा वर्षांचे साडेनऊ महिने होत होते. थकलेला पगार वेगळा. "दादा, तांदूळ कुणीही देईल," ते म्हणाले, "पण हिसाब सोडून गेलो तर गावी कर्ज कोण फेडणार?"

ही माणसं लाचार नव्हती. सामायिक चूल त्यांनीच पेटवली, अरबी येणारे इतरांचे अर्ज भरून देत होते. त्यांना दुबळं केलं होतं ते मुदत संपलेल्या कार्डाने आणि न दिलेल्या मजुरीने. ऑगस्टमध्ये सौदीचे राजे सलमान यांनी १० कोटी रियाल मंजूर केले. एक्झिट, परतीचं तिकीट आणि दुसऱ्या कंपनीत बदलीची मुभा मिळाली, तेव्हा कुठे गाडं हललं. तरी हिशेब अनेकांचा राहिलाच. जुलै २०१७ अखेर कंपनीच बंद झाली.

मदत करणाऱ्याने 'किती उपाशी आहेत' एवढ्यावर न थांबता 'काय अडलंय' हेही विचारायला हवं. आखातात माणूस पाठवणाऱ्या घरांनी करार, इकामा आणि पगारपावत्यांच्या प्रती गावी जपून ठेवाव्यात. आणि कॅम्पात जाणाऱ्यांनी पोत्यांबरोबर दाव्याचे अर्जही न्यावेत.