विधी साहाय्य केंद्र (कौटुंबिक हिंसाचार प्रकरणे)

विधी साहाय्य केंद्र किंवा लीगल एड क्लिनिक हे विधी महाविद्यालयाने अध्यापकांच्या देखरेखीखाली चालवलेले मोफत कायदेशीर मदतीचे केंद्र होय. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार प्रत्येक विधी महाविद्यालयाने असे केंद्र चालवणे आवश्यक आहे.

विद्यार्थ्यांच्या अधिकाराची मर्यादा

अमेरिकेतील अनेक राज्यांत विधी शाखेचे विद्यार्थी देखरेखीखाली न्यायालयात पक्षकाराची बाजू मांडू शकतात. भारतात अधिवक्ता अधिनियम, १९६१ नुसार वकिली करण्याचा हक्क केवळ नोंदणीकृत वकिलांना आहे. कलम ३२ खाली न्यायालय विशिष्ट प्रकरणात इतर व्यक्तीस परवानगी देऊ शकते. तथापि तो हक्क नव्हे. त्यामुळे युक्तिवाद वकील करतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रीला उत्पन्नाच्या अटीविना मोफत विधी सेवा मिळू शकते. पीडितेला या सेवेपर्यंत पोहोचवणे हे विद्यार्थ्याचे पहिले काम ठरते.

कामाचे स्वरूप

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याच्या कलम १२ खालील अर्ज स्वतः पीडिता, संरक्षण अधिकारी किंवा तिच्या वतीने अन्य व्यक्ती न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करू शकते. विद्यार्थी घटनांचा तारीखवार क्रम लिहून घेतात, दवाखान्याची कागदपत्रे व स्त्रीधनाची यादी जमवतात आणि अर्जाचा मसुदा तयार करतात. मारहाणीखेरीज मानसिक, लैंगिक व आर्थिक छळही या कायद्यात येत असल्याने नेमके प्रश्न विचारणे महत्त्वाचे असते. खर्चाला पैसे न देणे हीदेखील हिंसा आहे, हे अनेकींना ठाऊक नसते. पीडितेची माहिती गोपनीय राखणे हे केंद्राचे कर्तव्य असते.

ग्रामीण भागातील उपयोग

कलम २७ नुसार पीडिता तात्पुरती जिथे राहते, तेथील न्यायालयातही अर्ज करता येतो. उदाहरणार्थ, सासर पुण्यात असले तरी अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातील हिवरखेड येथे माहेरी परतलेल्या स्त्रीला पुण्याला खेटे घालण्याची गरज नसते. माहेरच्या हद्दीतील न्यायालयात तिला दाद मागता येते. पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत ठेवावी आणि त्यानंतर ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा सांगतो. अपुऱ्या अर्जामुळे हा काळ लांबू शकतो. तातडीच्या प्रसंगी कलम २३ खाली अंतरिम आदेश मागता येतो. संरक्षण आदेशाचा भंग केल्यास एक वर्षापर्यंत कारावास, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.