शिशाची बाधा आणि वनस्पतींचे कवच

हुबळी-धारवाड ही जोडशहरे व्यापार, रेल्वे आणि शिक्षण यांची केंद्रे म्हणून वाढली. दक्षिण-पश्चिम रेल्वेचे मुख्यालय 2003 पासून हुबळीस आहे. अशा शहरांत वाहने वाढली, की बॅटऱ्यांची दुरुस्ती, डाग देणे (सोल्डरिंग), जुना रंग खरवडणे अशी कामेही वाढतात. या कामांतून उडणारी शिशाची धूळ व वाफ श्वासावाटे कामगाराच्या शरीरात जाते. त्याच्या हातांवरून व कपड्यांवरून ती घरी मुलांपर्यंतही पोहोचते.

देशात 2000 सालापासून शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र आले. घरगुती रंगांतील शिशावर 2017 पासून दशलक्ष भागांत 90 भाग अशी मर्यादा आहे. तथापि जुन्या भिंतींवरील रंग आणि बॅटऱ्यांतील शिसे अद्याप आपल्याभोवती आहेच.

शिसे शरीरात काय करते?

शिशाचा शरीरास कोणताही उपयोग नाही. रक्तातील हीम हे द्रव्य घडविणाऱ्या एका महत्त्वाच्या विकरात जस्त असते. शिसे त्या जस्ताची जागा बळकावते व विकराचे काम मंदावते. परिणामी रक्तक्षय उद्भवतो. शिवाय पेशींचे रक्षण करणाऱ्या ग्लुटॅथिऑन या द्रव्यास शिसे चिकटून बसते. रक्षक निकामी झाल्यामुळे ऑक्सिजनाचे उच्छृंखल कण पेशींची नासधूस करतात. प्रौढ माणसाच्या शरीरातील बहुतांश शिसे हाडांत साठते व तेथे अनेक वर्षे राहते. लहान मुले गिळलेले शिसे प्रौढांच्या चार ते पाच पट शोषून घेतात. मेंदूच्या वाढीवर त्याचा कायमचा दुष्परिणाम होतो.

वनस्पतींचे साहाय्य

चिरलेले वांगे उघडे ठेवले की काळे पडते. लिंबाचा रस लावल्यास तो काळेपणा लांबणीवर पडतो. आवळा, पेरू, लिंबू, शेवग्याचा पाला यांतील क जीवनसत्त्व आणि लसणातील गंधकयुक्त द्रव्ये पेशींतही अशाच प्रकारे ऑक्सिडीकरणास अटकाव करतात. अशा द्रव्यांस प्रतिऑक्सिडीकारके म्हणतात.

या विषयावर हुबळीच्या उत्तरेस असलेल्या विजापूर (आता विजयपुर) येथेही संशोधन झाले आहे. तेथील डॉ. कुसल दास व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 च्या सुमारास निकेल दिलेल्या उंदरांवर क जीवनसत्त्वाचे, तसेच निकेल व क्रोमियम यांच्या बाधेवर लसणाच्या अर्काचे परिणाम तपासले. धातूंमुळे होणारी काही हानी त्यामुळे कमी झालेली आढळली. इराणमध्ये मोटारींच्या बॅटऱ्यांच्या उद्योगातील कामगारांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2012 साली प्रसिद्ध झाले. सौम्य ते मध्यम बाधा असलेल्या कामगारांना चार आठवडे लसणाच्या गोळ्या दिल्यावर त्यांच्या रक्तातील शिसे घटले.

कवच म्हणजे औषध नव्हे

ही माहिती उत्साहवर्धक आहे; परंतु तिचा अर्थ नीट समजून घ्यावयास हवा. प्राण्यांवरील निष्कर्ष जसेच्या तसे माणसास लागू पडत नाहीत. लसूण-आवळा खाणारा कामगार दररोज शिशाची धूळ गिळत राहिला, तर आहाराचे कवच अपुरे पडते. म्हणून पहिला उपाय हा शिशापासून दूर राहण्याचा होय. कामाच्या जागी खाणे-पिणे किंवा तंबाखू-विडी यांचा वापर करू नये. जेवणापूर्वी हात व तोंड साबणाने धुवावे. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. लोणचे, चिंचेचे सार यांसारखे आंबट पदार्थ शिसेमिश्रित कल्हईच्या भांड्यांत ठेवू नयेत. काही भस्मांतही शिसे असते. ती वैद्याच्या सल्ल्याविना घेऊ नयेत.

आहारात लोह व कॅल्शियम कमी असल्यास शिशाचे शोषण वाढते. म्हणून पालेभाज्या, नाचणी, दूध यांनाही तितकेच महत्त्व आहे. शिजविल्याने क जीवनसत्त्व कमी होते. यास्तव पेरू, आवळा, लिंबू ताजे खावे.

पोटात वारंवार कळ येणे, फिकटपणा, हातांत अशक्तपणा किंवा मुलाचे अभ्यासातील मागे पडणे अशा लक्षणांची कारणे अनेक असू शकतात. घरात शिशाचे काम करणारी व्यक्ती असेल, तर डॉक्टरांस तसे आवर्जून सांगावे व रक्ततपासणी करून घ्यावी. रक्ताच्या दर डेसिलिटरमध्ये 5 मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळल्यास त्याचा उगम शोधून तो दूर करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली सुचविले आहे. शिशाचे सुरक्षित असे प्रमाण ज्ञात नाही. शिक्षकांनी आणि ग्रामसेवकांनी ही गोष्ट बॅटरी व रंगकामातील कुटुंबांपर्यंत पोहोचविल्यास अनेक मुलांचे भवितव्य सुरक्षित होईल.