निंबाखालची दोन हात जागा

"निंबाखाली काईच होत नाई जी, तोडून टाका!" अंगणात फरशी घालायची किंवा एक खोली वाढवायची ठरली, की भातकुलीत हे वाक्य हमखास ऐकू येते. कुऱ्हाडीला निमित्त लागते ना! मला यातला उत्तरार्ध मुळीच मान्य नाही, आणि पूर्वार्ध अर्धाच खरा वाटतो.

हिमालयातल्या चीड वृक्षावरही हाच आळ आहे. कुमाऊंत त्याच्या वाळक्या सुयांना पिरुल म्हणतात. त्यांनी जमीन आंबट होते, म्हणून खाली काही उगवत नाही, असा समज जगभर आहे. प्रत्यक्षात सुयांनी मातीच्या आंबटपणात फारसा फरक पडत नाही. अडचण असते ती सावलीची, सुयांच्या जाड थराची आणि वरच्या मातीतले पाणी आधीच पिऊन टाकणाऱ्या मुळांची. ऊन शिरते तिथे चिडाच्या सोबतीनेच काफळ आणि किल्मोड्याची झुडपे वाढतात.

आपले दुखणे तर वेगळेच. भातकुली पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातली. अमरावती, अकोला, बुलडाणा मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा हा पट्टा. काळी चिकण जमीन, त्यात विहिरीचे पाणी खारे. हे पाणी रोज घातले की माती चोपण होते, वर पांढरी खार फुटते, रोप करपते. आणि दोष मात्र निंबाच्या माथी!

सावलीतली शेती शिकायची तर अंजनगाव सुर्जीचे पानमळे पाहावेत. तिथे पाणी गोडे, ही गोष्ट खरी. पण पानवेल आणि पानपिंपळी ही मुळातच सावलीची पिके. पांगरा, हदगा आधी लावतात तो त्यांच्यासाठीच. ऊन किती येऊ द्यायचे हे बारी शेतकरी फांद्या छाटून ठरवतो. पानपिंपळीची वाळवलेली फळे औषधांत जातात.

अंगणातही हेच करता येते. खालच्या दोन-चार फांद्या छाटाव्यात, म्हणजे सकाळचे ऊन आत येते. मुळांवर कुदळ चालवू नये आणि खोडाभोवती मातीचा ओटाही बांधू नये, साल कुजते. मृगाच्या पावसानंतर मुळांच्या मधल्या जागेत हातभर खड्डे घेऊन शेणखत घालावे. हळद, अडुळसा लावावा. न्हाणीचे पाणी साबणाचे नसेल तर अळूसुद्धा. झडलेला पाला जाळण्यापेक्षा रोपांभोवती दोन बोटे पसरावा. छपराचे पावसाचे पाणी टाक्यात धरले तर दिवाळीनंतरची ओढ निभते. विहिरीचे पाणी मात्र नकोच.

आणि निंबालाच चढवायची ती गुळवेल. पेन्सिलीएवढ्या जाडीची कांडी पावसाळ्यात बुंध्यापासून हातभर दूर खोचली, की वेल आपली वाट आपण शोधते. निंबावर चढलेली गुळवेल वैद्य मंडळी औषधाला सर्वांत उत्तम मानतात. बाजारात तिला ‘नीमगिलोय’ असे वेगळे नावच आहे.