कापूरहोळचा फाटा आणि लांब पल्ल्याचा प्रवासी

पुण्याहून दक्षिणेस निघालेला प्रवासी कात्रजचा बोगदा, शिंदेवाडी, खेड शिवापूर आणि नसरापूरचा चेलाडी फाटा ही ठिकाणे मागे टाकीत सुमारे ४० किलोमीटरांवर कापूरहोळास पोहोचतो, तेव्हा त्याच्यापुढे तीन दिशा उघडतात. सरळ जाणारा हमरस्ता नीरा ओलांडून शिरवळ, खंबाटकी, सातारा करीत थेट बंगळूरकडे धावतो. उजवीकडचा रस्ता पंतसचिवांच्या भोर संस्थानाच्या राजधानीस जाऊन पुढे वरंध घाटाने कोकणात महाडास उतरतो. आणि डावीकडचा केतकावळ्याच्या बालाजीवरून नारायणपूर गाठून, पुरंदरच्या पायथ्याशी वळसा घालीत सासवडास मिळतो. इतिहासाची आवड असलेल्या माणसास हे गाव बालशंभूराजांस दूध पाजणाऱ्या धाराऊ गाडे यांचे म्हणून ठाऊक असते. परंतु पाठीमागे सामान बांधून दूरच्या मुलुखास निघालेल्या मोटारसायकलस्वारास, किंवा निजण्या-रांधण्याची सोय असलेले फिरते घर हाकणाऱ्या गृहस्थास, ते निराळ्या कारणाने ओळखीचे असावयास हवे.

ते कारण असे की, लांबच्या प्रवासातील धोका सर्वत्र सारखा पसरलेला नसून, जेथे रस्त्याचा स्वभाव बदलतो तेथे तो गोळा होतो. रुंद, सरळ आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर तास-दीड तास एकाच वेगाने गेलेल्या माणसाची वेगाची जाणीव बोथट होते. तो वेग कमी करतो तेव्हा आपण पुष्कळच सावकाश चाललो आहोत असे त्यास प्रामाणिकपणे वाटते, आणि प्रत्यक्षात काटा मात्र त्याच्या समजुतीपेक्षा बराच वर असतो. अशा मनःस्थितीत तो हमरस्ता सोडून फाट्याकडे वळतो, आणि तेथे त्याची गाठ पडते ती एस.टी.साठी धावणाऱ्या विद्यार्थ्यांशी, प्रवासी भरून घेण्यास मध्येच थांबलेल्या वडापच्या जीपशी, फेरा वाचविण्यासाठी उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकीशी आणि शेतावरून परतणाऱ्या गुरांशी. ही रहदारी बेशिस्त आहे असे म्हणून मोकळे होणे मला न्याय्य वाटत नाही. हा हमरस्ता या लोकांच्या गावातून गेला आहे. त्यांची वहिवाट त्याच्याआधीची आहे, आणि तिचा मान राखण्याची पहिली जबाबदारी परक्या ठिकाणाहून वेगाने येणाऱ्याची आहे.

वेगाचा हिशेब सोपा आहे, आणि तो प्रत्येक स्वाराने एकदा तरी कागदावर मांडावा. ताशी ८० किलोमीटर, म्हणजे केंद्र सरकारने २०१८ साली चौपदरी हमरस्त्यावर मोटारसायकलीस ठरवून दिलेली कमाल मर्यादा, या वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे सरकते. समोर अडथळा दिसल्यापासून हात ब्रेकवर आवळला जाईपर्यंत सावध माणसाचाही सुमारे दीड सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच ३० मीटरांहून अधिक अंतर सरते. त्यानंतर कोरड्या, चांगल्या डांबरावर वाहन थांबण्यास आणखी ३५ ते ४० मीटर लागतात. रस्ता ओला असला की हे एकूण अंतर १०० मीटरांच्या आसपास जाते. तोच वेग ६० वर आणला तर कोरड्या रस्त्यावर ४५ मीटरांत सर्व काही आटोपते. मोटारसायकलीची थांबण्याची शक्ती बहुतांशी पुढच्या चाकात असते, आणि तेच चाक ओल्या वळणावर प्रथम निसटते. म्हणून वेग वळणापूर्वी, वाहन सरळ उभे असतानाच उतरवावयाचा, वळणात नव्हे. १२५ सी.सी.हून मोठ्या इंजिनाच्या नव्या मोटारसायकलींस चाक जखडू न देणारी ब्रेकव्यवस्था आपल्याकडे २०१९पासून सक्तीची आहे आणि ती खरोखर उपकारक आहे. पण चाक फिरते ठेवणे एवढेच तिचे काम, निसरड्या रस्त्यास पकड देणे तिच्या हाती नाही.

चढ-उताराची गोष्ट त्याहून गंभीर आहे. कापूरहोळहून पुण्याकडे परतताना कात्रजचा नवा बोगदा ओलांडला की रस्ता नऱ्ह्याच्या नवले पुलापर्यंत सतत उतरत जातो, आणि या उताराने किती बळी घेतले हे पुणेकरांस सांगावयास नको. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री ताबा सुटलेल्या एका मालमोटारीने तेथे अनेक वाहने चिरडली, आणि तसे अपघात त्याआधीही झाले होते व नंतरही झाले. त्यामागील यंत्रशास्त्र समजून घेण्याजोगे आहे. अवजड वाहन लांब उतारावर केवळ ब्रेकवर रोखून धरले की ब्रेकचे पट्टे तापतात, घर्षण घटते, आणि शेवटी पाय दाबला तरी वाहन ऐकत नाही. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तर इंजिनाचा स्वाभाविक अटकावही नाहीसा होतो, आणि इंजिनच बंद केले तर ब्रेकला लागणारी हवा भरण्याचे काम थांबते. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम याच कारणाने अक्षरशः प्राणरक्षक आहे. आणि फिरत्या घराच्या चालकाने तर तो मनावर कोरून ठेवावा, कारण पाण्याच्या टाक्या, पलंग, गॅस व कपाटे यांनी जड झालेले ते वाहन चारचाकी मोटारीसारखे दिसत असले तरी उतारावर मालमोटारीसारखे वागते. दुचाकीस्वाराने करावयाचे एवढेच, की उतारावर अवजड वाहनाच्या पुढे रेंगाळू नये आणि त्याच्या डाव्या कुशीस, जेथे चालकाच्या आरशात तो दिसतच नाही, तेथे क्षणभरही राहू नये.

पाण्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण या टापूत ते अनपेक्षित वाटेने येते. जून २०१३ मध्ये शिंदेवाडीजवळ, बोगद्याच्या अलीकडील डोंगर फोडल्यामुळे ओढ्यांच्या नैसर्गिक वाटा बुजल्या होत्या, आणि एका जोराच्या सरीचे पाणी सरळ हमरस्त्यावर येऊन एका मोटारीतील माता व तिची कन्या वाहून गेल्या. नदी नाही, पूल नाही, अशा ठिकाणी, राष्ट्रीय महामार्गावर, हे घडले. म्हणून पावसाळ्यात रस्त्यावर आडवे वाहणारे पाणी दिसताच, ते कितीही उथळ भासो, त्यात वाहन घालू नये. पहिल्या पावसाचा धोका आणखी निराळा असतो. महिनोन्महिने डांबरावर साचलेले तेल आणि धूळ यांचा लेप त्या पाण्याने वर येतो आणि पहिल्या अर्ध्या तासात रस्ता सर्वांत निसरडा असतो. तो अर्धा तास छपराखाली चहा घेऊन घालविणे यात वेळेचा काहीही अपव्यय नाही.

उजवीकडे वळून भोरकडे निघालेल्या प्रवाशास पंधराएक किलोमीटर रम्य प्रदेश लाभतो. इंगवलीजवळ नीरेचे ते प्रसिद्ध वळण पाहण्यास गाड्या थांबतात, आणि थांबताना पुष्कळदा अर्ध्या रस्त्यावरच उभ्या राहतात, ही सवय मोडली पाहिजे. भोरच्या पुढे मात्र रस्ता नीरा देवघर धरणाच्या काठाकाठाने अरुंद होत वरंध घाटात शिरतो. तेथे सह्याद्रीचा कडा एका बाजूस व दरी दुसऱ्या बाजूस असते, वळणांची पलीकडची बाजू दिसत नाही, आणि लांब वाहन वळताना त्याचे मागचे टोक विरुद्ध बाजूस झुकते, ज्याचा अंदाज नवख्या चालकास नसतो. चढणाऱ्या वाहनास आधी वाट द्यावी असा मोटार वाहन नियमांचा दंडक आहे. उतरणाऱ्याने तो पाळला नाही तर चढावर थांबलेल्या जड गाडीस पुन्हा निघणे दुर्घट होते. राज्य सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले व अशा वाहनांच्या मुक्कामासाठी स्वतंत्र तळ असावेत हे त्यात मान्य केले, हे स्वागतार्हच आहे. पण कोणत्या घाटात कोणत्या लांबीचे वाहन न्यावे याची माहिती चालकास निघण्यापूर्वी मिळाल्याखेरीज त्या धोरणाचा लाभ त्यास सुखरूप घेता यावयाचा नाही.

सह्याद्रीच्या या उतारावर पावसाळा काय करू शकतो ते २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावाने पाहिले. दरड कोसळून ८०हून अधिक माणसे गेली, आणि त्याच पावसात घाटरस्तेही ठिकठिकाणी खचले. त्याआधी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिश अमदानीतील दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एस.टी. गाड्या प्रवाशांसह नाहीशा झाल्या. त्या रात्रीचे चालक अनुभवी होते आणि रस्ता त्यांच्या रोजच्या पायाखालचा होता. अंधारात पुढे पूल नाही हे कळण्याचे साधनच त्यांच्यापाशी नव्हते. रात्रीच्या प्रवासाविषयी एवढे एकच उदाहरण मला पुरेसे वाटते, तरी आणखी एक सांगतो: कार्तिक ते फाल्गुन या गळिताच्या काळात साताऱ्याकडे मागे दिवा नसलेल्या, उसाने लादलेल्या जोडट्रॉल्या हमरस्त्यावर चालत असतात, आणि खालच्या झोतात त्या दिसतात तेव्हा अंतर पन्नास मीटरही उरलेले नसते.

देशात २०२२ साली रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली आणि त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती, असे केंद्रीय मंत्रालयाची नोंद सांगते. आय.एस.आय. शिक्क्याचे, हनुवटीखाली पट्टा आवळलेले शिरस्त्राण हा यावरील पहिला उपाय; पण अपघात झाल्यावर मदतीस उभे राहणाऱ्या माणसांचाही जीव वाचविण्यात वाटा आहे. जखमीस मदत करणाऱ्या नागरिकास पोलिसांच्या जाबजबाबाची व खटल्याची भीती वाटे, म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ घालून त्यास संरक्षण दिले आहे. नाव सांगण्याची सक्ती त्याजवर नाही. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक फिरवून किलोमीटरच्या दगडावरील आकडा सांगितला की मदत नेमकी जागी येते.

सरकारपाशी एक मागणे आहे. पावसाळ्यात वरंध घाट अवजड वाहनांस, आणि प्रसंगी सर्वच वाहनांस, बंद करण्याचे हुकूम जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीतून निघतात. ते हुकूम कापूरहोळच्या फाट्यावर, हमरस्त्यावरून धावत्या वाहनातूनही वाचता येतील अशा अक्षरांत, दरसाल जूनपूर्वी लावण्याचा आणि घाट उघडताच उतरविण्याचा बंदोबस्त व्हावा. कापूरहोळास उभ्या असलेल्या प्रवाशास सुरूरवरून वाई व महाबळेश्वर, किंवा पुण्यास मागे फिरून ताम्हिणी, हे मार्ग अजून मोकळे असतात, जरी त्यांचीही चौकशी आधी करावी लागते. घाटाच्या तोंडाशी, संध्याकाळी, पावसात, तीस फूट लांबीचे वाहन घेऊन पोहोचलेल्यास ते वळविण्यापुरतीही जागा मिळत नाही.